पाऊस येऊलालाय

आमच्या घरचा टेप हळू फिरायचा. आतला बेल्ट सैल झाला होता, पण तो दुरुस्तीला टाकावा असं कुणाच्या मनात आलं नाही. त्यामुळं 'कलोनियल कझिन्स'ची गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती मूळ सुरापेक्षा जरा खाली उतरलेली, दुपारच्या झोपेतून नुकतीच उठल्यासारखी. कितीतरी वर्षांनी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये इअरफोन लावून तीच गाणी खऱ्या वेगात ऐकली, तेव्हा ओळखीचा माणूस उगाच घाईत बोलतोय असं वाटलं.

कॅसेट काकाची. काका नव्वदच्या दशकात नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथं ती घेतली. सुट्टीत एकदा हदगावला आणली आणि इथंच विसरला. २०१० साली, मी आठवीत असताना, ती मला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. वरच्या कागदावर दोन नावं होती, हरिहरन आणि लेस्ली लुईस. दुसरं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. पहिलं मात्र माझ्या मोबाईलमध्येच होतं.

म्हणजे माझ्या नाही, माझ्या दोस्ताच्या. त्याच्या मोठ्या भावाचं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, आणि वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून गाणी. त्या वर्षी हदगावातल्या जवळपास प्रत्येक कार्डात 'जोगवा'मधलं 'जीव रंगला' होतं. अजय-अतुलचं संगीत, हरिहरन आणि श्रेया घोषालचा आवाज. त्या गाण्यासाठी दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. कॅसेट घेऊन मी थेट दुकानात पळालो. दोस्तानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ह्यो 'जीव रंगला'वालाच का बे? इंग्रजी गाऊलालाय?"

इंग्रजी गात होते ते लेस्ली. हे कळायला आम्हाला आठवडा लागला.

आज तो अल्बम ऐकताना मला सगळ्यात जास्त जाणवते ती त्यातली वाटणी. दोन माणसं, दोन पूर्ण वेगळ्या तालमी. हरिहरन मुंबईत वाढले. आई-वडील दोघंही कर्नाटक संगीतातले, पुढं उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्याकडं हिंदुस्तानी संगीताचं शिक्षण. जयदेव यांनी 'गमन'मध्ये पहिली मोठी संधी दिली, मग गझलांचे अल्बम, मग 'रोजा'पासून रहमानची गाणी. लेस्लीही मुंबईचेच. वडील पी. एल. राज हिंदी सिनेमातले नृत्यदिग्दर्शक. हातात गिटार, कानात पाश्चात्त्य रॉक आणि पोटापाण्यासाठी जाहिरातींच्या जिंगल्स. जिंगलच्या कामातच दोघांची गाठ पडली. एकानं गिटारवर काहीतरी छेडावं, दुसऱ्यानं त्यावर आलाप घ्यावा, असं करत करत गाणी झाली. नावही तसंच निवडलं. साहेबाच्या राज्यानं मागं ठेवलेल्या घरातले दोन चुलतभाऊ, एक इंग्रजीत वाढलेला, एक रागात.

त्यातलं 'कृष्णा' घ्या. मूळ रचना सोळाव्या शतकाच्या आसपासची, व्यासतीर्थांची, कन्नडमधली. हरिहरन ती कन्नडच ठेवतात, यमनकल्याणीतली चालही सोडत नाहीत. मध्येच लेस्ली इंग्रजीत येतात. जगाची काय अवस्था झालीय ते पाहा आणि कुठल्याही रूपात परत या, असं देवाला सांगतात. दोघं एकाच देवाला हाक मारतायत, आपापल्या भाषेत, आपापल्या गळ्यानं. कुणी कुणासारखं गायचा प्रयत्न करत नाही. माझ्या आजीला त्यातली एकही भाषा कळत नव्हती. चूल सारवताना तिनं ऐकलं आणि म्हणाली, "देवाला बोलवूलालाय बाबा त्यो. दुसरा बी बोलवूलालाय, पण भांडत भांडत."

एवढी नेमकी समीक्षा मी नंतर कुठं वाचली नाही.

हा अल्बम आला तो काळ इंडीपॉपचा. केबल घराघरांत शिरत होतं, एमटीव्ही आणि चॅनल व्हीला दाखवायला व्हिडिओ हवे होते. अलीशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ मध्ये येऊन गेलं होतं. सिनेमाशिवायही गाणं विकतं, यावर कंपन्यांचा विश्वास बसला होता. 'कलोनियल कझिन्स' एमटीव्ही अनप्लग्डपर्यंत पोहोचले, तिथं गाणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९९८ मध्ये दुसरा अल्बम, 'द वे वुई डू इट'. २००१ मध्ये तिसरा, 'आत्मा'.

मग अकरा वर्षं अल्बम नाही.

का, याची कारणं शोधताना एक कारण माझ्याच ओळखीचं निघालं. इंडीपॉपला सिनेमाचा आधार नव्हता. सिनेमाच्या गाण्याची जाहिरात सिनेमाच करतो. स्वतंत्र अल्बमला व्हिडिओचा खर्च कॅसेट-सीडी विकूनच काढावा लागायचा. आणि कॅसेट-सीडी विकत कोण घेणार, जेव्हा वीस रुपयांत कार्ड भरून मिळतं? त्या दोघांचे अल्बम ज्या कारणांनी थांबले, त्यातलं एक छोटंसं कारण हदगावच्या बसस्टँडजवळ शटर उघडून बसलं होतं आणि मी तिथल्या स्टुलावर बसून फुकट चहा पीत होतो.

पण जोडी मोडली नाही. २००९ मध्ये 'मोदी विलयाडू' आणि २०१० मध्ये 'चिक्कू बुक्कू' या तमिळ सिनेमांना त्यांनी याच नावानं संगीत दिलं. २०१२ मध्ये चौथा अल्बम आला, त्याचं नावच 'वन्स मोअर'. सोळा वर्षांत चार अल्बम. मोजायला बसलं तर कारकीर्द लहान दिसते. पण याच काळात हरिहरननी 'बॉर्डर'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतला, 'जोगवा'साठी दुसरा. लेस्लींनी आशा भोसलेंचा 'जानम समझा करो' केला, के. के.चा पहिला अल्बम 'पल' केला, २०११ मध्ये कोक स्टुडिओचा भारतातला पहिला सीझन उभा केला. दोघांना आपापलं घर होतं. चुलतभावांसारखे ते अधूनमधून एकत्र यायचे, आणि आले की दोघांची नावं शेजारी शेजारी असायची.

हे सगळं मी इतकं बारकाईनं का वाचत बसलो, ते आता सांगतो.

आमचीही जोडी होती. मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेलो, तो हदगावलाच बीए करत दुकान बघू लागला. माझ्याकडं सेकंडहँड गिटार होती. त्याच्याकडं गळा होता. लहानपणापासून सप्त्यात टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहून चाली म्हटलेल्या, त्यामुळं वरच्या पट्टीत आवाज फाटायचा नाही. २०१८ च्या जूनमध्ये, शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा संपल्यावर, माझ्या नांदेडच्या खोलीत आम्ही एक गाणं रेकॉर्ड केलं. खिडकीला गादी लावली, पंखा बंद केला, स्वस्तातला माईक आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी. कॅसेटमधलं 'इंडियन रेन' आमच्या डोक्यात होतं, म्हणून आमचंही पावसाचंच. गिटार आणि हिंदी कडवं माझं. धृपद त्याचं, त्यानंच लिहिलेलं, आमच्या बोलीत: 'पाऊस येऊलालाय'.

नांदेडच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पाऊस 'येतोय' असं कुणी म्हणत नाही. तो येऊलालाय. आम्ही जेवूलालो, जाऊलालो, झोपूलालो. कॉलेजात पुण्या-मुंबईची पोरं याची नक्कल करून हसायची. हळूहळू आम्हीही त्यांच्यासमोर 'येतोय' म्हणायला शिकलो. मी शिकलो. तो हदगावात होता, त्याला शिकायची गरज पडली नाही.

गाणं यूट्यूबवर टाकलं. तीनशे बारा व्ह्यूज आले. मग मला पुण्यात नोकरी लागली.

२०२१ च्या पावसाळ्यात, वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत, मी ते गाणं पुन्हा केलं. आता चांगला माईक होता, इंटरफेस होता, मिक्सिंगचे व्हिडिओ पाहून झाले होते. त्याचा आवाज नव्या ट्रॅकवर नीट बसेना, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ऑफिसातल्या लोकांना गाणं ऐकवायचं होतं आणि धृपद आलं की मला अवघडल्यासारखं व्हायचं. मी ते स्वतः गायलो. 'पाऊस येतोय' असं गायलो. मात्रा कमी पडल्या, म्हणून एक 'रे' घुसवला. स्ट्रीमिंगवर गाणं चढवताना फॉर्ममध्ये मुख्य कलाकाराचा रकाना असतो. खाली 'आणखी कलाकार जोडा' असं बटण असतं. मी ते दाबलं नाही. गीतकार म्हणून त्याचं नाव टाकलं आणि मन मोकळं केलं.

लिंक त्याला पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं, "भारी झालंय. आवाज लई साफ आहे."

त्यानंतर तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलायचा. सोयाबीनचे भाव, भावाचं लग्न, कुणाची गाडी. गाण्याचा विषय मात्र निघाला नाही. माझ्याकडून नाही, त्याच्याकडूनही नाही. तीन वर्षं.

गेल्या दिवाळीत घराची साफसफाई करताना कॅसेट पुन्हा हातात आली. टेप केव्हाच भंगारात गेला होता, म्हणून मोबाईलवर 'कृष्णा' लावलं आणि जाळी काढत राहिलो. कन्नड गेलं, इंग्रजी आलं. मध्येच मनात आलं, लेस्लींनी गाणं अजून साफ व्हावं म्हणून हरिहरनचं कन्नड इंग्रजीत करून स्वतःच गायलं असतं तर? किंवा हरिहरननी उलट? तेव्हाही गाणं झालंच असतं. पण मग आजीला दुसरा माणूस ऐकू आला नसता. हातातला झाडू तसाच ठेवून मी त्याला फोन केला.

संध्याकाळी आम्ही बाईकवर वारंगा फाट्याला खिचडी खायला गेलो. भजी तोडत तोडत मी सांगून टाकलं. साफसफाईचं खोटं, 'येतोय'चं, त्या न दाबलेल्या बटणाचं. तो बराच वेळ ताटातली मिरची बाजूला करत राहिला.

"तुला लाज वाटली व्हय माझी?" त्यानं विचारलं.

"तुझी नाही. आपल्या बोलीची."

"एकच झालं की बे ते."

याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी म्हणालो, माझं गाणं काढतो आणि जुनं, दोघांचं, नीट मिक्स करून चढवतो. पण जुन्या रेकॉर्डिंगची हार्डडिस्क खराब झाली होती आणि यूट्यूबवरची प्रत दबलेली होती. तो हसला. परत येताना बसस्टँडला गाडी थांबवायला लावली, शटर अर्धं उचललं आणि दुकानातला कम्प्युटर चालू केला. त्या दिवशी मी त्याच्या पेनड्राईव्हवर टाकून दिलेली मूळ फाईल जशीच्या तशी होती.

शेजारच्या फोल्डरवर लिहिलं होतं 'ट्रॅक्टर'. मेमरी कार्डं भरून घेणारे आता कमी झालेत, पण ट्रॅक्टरवाले आणि जीपवाले अजून पेनड्राईव्ह घेऊन येतात. भीमगीतं, लोकगीतं, जुनी हिंदी. त्या फोल्डरमध्ये सगळ्यात शेवटी आमचं गाणं होतं. जो कुणी गाणी भरायला यायचा, त्याला तो हे एक फुकट टाकून द्यायचा. सहा वर्षं. किती ट्रॅक्टरांत ते वाजलं असेल, याचा आकडा कुठल्याच डॅशबोर्डवर नाही.

"कुणी विचारतं का, कुणाचं हाय म्हणून?"

"विचारतात की."

"मग काय सांगतोस?"

"आमच्या दोघांचं हाय म्हणतो."

माझं गाणं मी त्याच रात्री काढायला टाकलं. जुनं चढवताना मुख्य कलाकाराच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं आणि बटण दाबून खाली माझं. धृपदाला हात लावला नाही. दूर कुठंतरी एक हॉर्न ऐकू येतो, तोही ठेवला.

'आत्मा' आणि 'वन्स मोअर'मध्ये अकरा वर्षं गेली. आमचं अजून तेवढं झालेलं नाही. त्यानं नवीन दोन ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या बापावर. त्यातले तीन शब्द मला कळले नाहीत. शनिवारी माईक घेऊन हदगावला चाललोय, तिथंच विचारीन.