मुद्दाम

आमच्या उचगावात हा शब्द बहुतेक नकार घेऊनच येतो. "मुद्दाम न्हाई केलं रं." सूतगिरणीची पाळी सुटली की चहाच्या गाड्यावर जोडीदारांना काचेचा गिलास, मला कागदी कप. विचारलं तर म्हणतो, "गिलास संपलं, मुद्दाम न्हाई." तीन दिवस गिलास माझ्यापाशीच येऊन संपत होते.

१९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात हाच शब्द इस्त्री करून बसलाय : हेतुपुरस्सर. नुसता अपमान पुरत नाही, हेतू दाखवावा लागतो. आता मनाचा पंचनामा कुणी करायचा?

पण शब्द आपलाही आहे. गंगाराम कांबळेंनी कोल्हापुरात हॉटेल काढलं, तर शाहू महाराज तिथं गाडी थांबवून चहा घ्यायचे. राजवाड्यात काय चहा नव्हता? २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते काय तहान लागली म्हणून?

काल गाड्यावरचा गिलास मीच उचलला, विसळला, किटलीपुढं धरला.

"एवढी घाई हाय व्हय?"

म्हटलं, "न्हाई. मुद्दाम."

त्यानं ओतला. थोडा सांडला.