दारावरची पाटी

ज्या घराच्या दारावर नावाची पाटी नाही, त्याच्याविषयी मला आजवर किंचित संशयच वाटत आला. लपविण्याजोगे काही नसेल तर नाव का झाकावे? गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मुलीकडे गेलो आणि हा सिद्धांत ढासळला. तिने संगणकावर स्वतःचे नाव टाकताच वय, जुने-नवे पत्ते, दूरध्वनी, इतकेच काय, पूर्वी एका घरात राहिलेल्या मैत्रिणीचे नावही ओळीने प्रकटले! खरेदीखते, न्यायालयांची दप्तरे यांतून वेचलेली ही माहिती माणसे हुडकून देणारी संकेतस्थळे विकतात. मुलगी तेथे एकटी राहते.

“बाबा, एकेकाला अर्ज करून नाव काढवते, काही दिवसांनी ते पुन्हा उगवते,” ती शांतपणे म्हणाली. एकाच अर्जाने सर्व नोंदणीकृत माहितीदलालांना नोंदी पुसावयास सांगता यावे, असा कायदा त्या राज्याने २०२३ साली केला खरा. पण सरकारी दप्तरातील मूळ नोंद राहतेच.

घरी परतल्यावर दारावरची पाटी काढावी असे क्षणभर मनात आले. मग ती नुसतीच पुसून ठेवली. पाटी वाचणाऱ्याला निदान माझ्या दारापर्यंत यावे लागते. आणि खिडकीतून मलाही तो दिसतो.