अडीचशे वॅटचा सूर्य

शनिवारची सकाळ. सभ्य लोक या वेळेला उशिरा उठून पोहे वगैरे करतात. मी मात्र समुद्र घासत बसलोय! म्हणजे घरातला समुद्र हो. 75 गॅलनची, चार फूट लांब काचेची टाकी. त्यात खारं पाणी, पाच-सहा मासे आणि जिवंत कोरल. सनीव्हेलच्या आमच्या वन बेडरूममध्ये माझ्यापेक्षा तिचाच थाट जास्त. :)

टाकी मूळची माझी नाही. 2023 च्या जानेवारीत टीममधल्या एका सिनियरचा जॉब गेला. मी त्याला दादाच म्हणतो. एच-वनवर असलात की नवी नोकरी शोधायला जेमतेम 60 दिवस मिळतात. त्याला नाही मिळाली. गाडी विकली, सोफा फुकट दिला. राहिली टाकी. कोरल काही पुण्याला नेता येत नाहीत. आपल्याकडे कठीण कोरल 2001 पासून वाघाच्या पंगतीत, शेड्यूल वनमध्ये आहेत. हॉलमध्ये पाळायचा प्रश्नच नाही. शेवटी म्हणाला, "तू घे रे. फक्त दिवे लगेच बदलू नकोस."

मी हो म्हटलं. आणि अर्थातच ऐकलं नाही.

दिवे म्हणजे 250 वॅटचे दोन मेटल हॅलाइड. आत क्वार्ट्‌झची छोटी नळी, तिच्यात पारा आणि धातूंचे क्षार, आणि त्यातून विजेचा आर्क. बटण दाबल्यावर पूर्ण उजेड यायला काही मिनिटं लागतात. चुकून बंद केला तर गार झाल्याशिवाय परत पेटत नाही. एकदम सरकारी खाक्या. आणि उष्णता इतकी की पाणी तापू नये म्हणून वर पंखा लावावा लागतो.

आता इंजिनियर म्हटल्यावर एक्सेल शीट आलीच. 500 वॅट, रोज 8 तास, म्हणजे दिवसाला 4 युनिट, महिन्याला 120. आमच्याकडे युनिटला 40 सेंटच्या आसपास पडतात, म्हणजे 48 डॉलर नुसत्या उजेडाचे. शिवाय बल्ब साधारण वर्षाला बदला, कारण पेटत असला तरी त्याचा जोर कमी होतो आणि रंगही सरकतो. एलईडीला यातली कुठलीच कटकट नाही. प्रत्येक कॉलममध्ये एलईडी फर्स्ट क्लास. घेतला, लावला, आणि पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर ठेवला. कमी का ठेवायचा? पैसे मोजलेत ना?

चौथ्या दिवशी कोरलची टोकं पांढरी. आठव्या दिवशी एक अख्खी फांदी.

झालं होतं असं. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते उजेडावर अन्न करून यजमानाला पोसतं. उजेड एकदम वाढला की शैवालाला तो झेपत नाही, घातक ऑक्सिजन तयार व्हायला लागतो, आणि कोरल आपल्याच भाडेकरूला बाहेर काढतं. मग पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. तेव्हा कोरल मेलेलं नसतं. उपाशी असतं.

रात्री बारा वाजता पुण्याला फोन लावला. तिकडे दुपार.

"किती टक्क्यांवर?"

"शंभर."

बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "अरे, घर बदललं, पाणी बदललं, माणूस बदललं. उजेड तरी ओळखीचा ठेवायचास."

तो कोरलबद्दलच बोलत होता. मला मात्र पुढे काही सुचेना.

जुने हॅलाइड पुन्हा चढवले, पण वीतभर उंच. सुरुवातीला रोज 3 तास, मग दर चार दिवसांनी अर्धा तास वाढवायचा. दोन महिने गेले. एक वसाहत गेलीच. बाकीच्यांवर हळूहळू तपकिरी छटा परत आली. इतका मळकट रंग बघून इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता!

पुढे नवे बल्ब घ्यायची वेळ आली तेव्हा एक्सेल उघडलंच नाही. 6500 केल्विनचा उन्हासारखा पिवळट असतो, वाढ मस्त होते. 20000 चा निळाशार, रंग खुलतात पण कोरलच्या कामाचा उजेड कमी. मी 14000 घेतले, कारण दादाचे तेच होते. या दोन टोकांच्या बल्बना अतिनील किरण अडवणारी काच लागतेच, ती पुसून परत बसवली. आणि हो, नवा बल्ब म्हणजे पुन्हा जास्त उजेड, म्हणून पुन्हा 3 तासांपासून श्रीगणेशा.

तुम्ही म्हणाल, मग एलईडी वाईट? मुळीच नाही. आता बहुतेक लोक तेच वापरतात आणि त्यांची कोरल मजेत आहेत. घाई माझी होती. पुढची टाकी मी पहिल्यापासून एलईडीवरच लावीन. ही मात्र हॅलाइडवर वाढलेली आहे.

परवा दादाला व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली. एकाच बिंदूतून येणाऱ्या उजेडाने वाळूवर लाटांच्या रेघा हलतात ना, त्या तो बघत बसला. मग एकदम विचारलं, "बिल किती येतं रे?"

"तीसेक डॉलर," मी म्हटलं.

असो. पाणी बदलायचंय अजून.