रोजच्या कॉफीच्या दाण्यांची पारख

सणावारासाठीं उंची वस्तु आणणें सोपें असतें. नित्याच्या सेवनासाठीं योग्य वस्तु निवडणें यांतच गृहस्थाची खरी पारख होते. कॉफीच्या बाबतींत हा विचार अलीकडे फार निकडीचा झाला आहे. ब्राझीलमध्यें अवर्षण पडलें आणि डिसेंबर २०२४ मध्यें अरेबिका जातीच्या कॉफीच्या जागतिक भावानें १९७७ सालचा उच्चांकही ओलांडला. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या आमच्यासारख्या घरांत अशा वेळीं प्रथम मनांत येतें तें हें कीं, सर्वांत स्वस्त पूड आणावी. आमच्या मतें हा हिशेब उलट्या टोकानें केलेला आहे.

एका पेल्यास सुमारें १० ग्रॅम पूड लागते, म्हणजे एका किलोंत १०० पेले होतात. दाणे किलोमागें १०० रुपयांनीं महाग पडले, तरी पेल्यामागें वाढ होते ती एकाच रुपयाची. उलट, शिळी पूड चवीस कमी पडते म्हणून १० च्या जागीं १५ ग्रॅम घातली, कीं खर्च दीडपट झालाच. शिवाय जायफळ अधिक लागतें तें निराळेंच! जायफळाशीं आमचें वैर नाहीं. परंतु तें सुवासासाठीं असावें, शिळेपणावरील पांघरूण म्हणून नव्हे.

दूरदेशीच्या नांवाचे डबे घेण्याचेंही कारण नाहीं. आपल्या शेजारच्या कर्नाटकांतच भारतांतील सुमारें ७० टक्के कॉफी पिकते. धुऊन तयार केलेल्या देशी अरेबिकास व्यापारांत ‘प्लँटेशन’ म्हणतात. त्यापुढील ‘ए’, ‘बी’, ‘सी’ हीं अक्षरें मुख्यत्वें चाळणीच्या मापाचीं आहेत, चवीचीं नव्हेत. ‘ए’ प्रतीचा दाणा ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहतो, ‘बी’ प्रतीचा थोडा लहान असतो, इतकेंच. दळल्यावर हा थोरलेपणा कोणास दिसणार? दुधाची कॉफी घेणाऱ्यांनीं त्यांत थोडा रोबस्टा मिसळावा. तो बहुधा स्वस्त असून दुधांत त्याची चव लोपत नाहीं. मात्र त्यांत कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतें, हें झोपेची तक्रार असणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

तयार पुडीत चिकोरी असते. हें एक भाजलेलें मूळ होय. त्यानें रंग व दाटपणा येतो, आणि कित्येकांस तें आवडतेंही. कायद्याप्रमाणें अशा मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते व प्रमाण वेष्टनावर छापावें लागतें. तेव्हां तें वाचूनच भाव ठरवावा. कॉफीच्या भावानें मूळ विकत घेऊं नये.

भातास स्थालीपुलाकन्याय लागू पडतो. एक शीत चेपलें कीं साऱ्या हंडीची परीक्षा होते. कॉफीस तो लावूं नये, कारण एकच कुजका दाणा सबंध पेला बिघडवूं शकतो. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून पाहावे. रंग सारखा असावा. फुटके, किडके आणि करपलेले दाणे वेंचून टाकावे. भाजल्याची तारीख विचारण्यास संकोच करूं नये. दळलेल्या पुडीचा सुवास फार लवकर उडतो, म्हणून दाणे अख्खे आणावेत, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावेत आणि लागतील तेवढेच हातचक्कींत दळावेत.

आमच्या घरीं आम्ही उभयतां दिवसाकाठीं एकेक पेलाच घेतों. २५० ग्रॅम दाणे बारा दिवस पुरतात आणि शिळे होण्यापूर्वीं संपतात. वयोमानानुसार डॉक्टरांनीं तळण, लोणचें, मिठाई अशीं एकेक सुखें काढून घेतलीं. जें एक उरलें आहे, तें तरी निर्भेळ असावें, एवढीच आमची इच्छा. भाव आणखी चढले तर आठवड्यांतून एक दिवस कॉफी वर्ज्य करूं. उरलेल्या सहा दिवसांच्या पेल्यास मात्र हात लावणार नाहीं.