अम्मीची हांसळी

२०१८च्या जुलैत सालेकसाहून दरेकसाकडे जाताना माझी मोटारसायकल चिखलात घसरली आणि मी उजव्या खांद्यावर पडलो. रोवणीचे दिवस होते. बांधीतल्या बाया धावत आल्या. हात उचलेना; डाव्या हाताने कोपर सावरून धरले की जरा बरे वाटे. गळ्याखाली बोट लावले, तर कातडीखाली हाडाचे टोक लागले. एका बाईने डोक्याचे फडके सोडून माझा हात गळ्यात बांधून दिला.

गोंदियात एक्स-रे निघाला. हांसळीचे हाड मधोमध मोडले होते. डॉक्टर समजावून सांगणारे होते. गर्भात सर्वांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, हेच हाड घडू लागते आणि पुरते जुळून यायला मात्र माणसाची पंचविशी उजाडते. हाताला धडाशी जोडणारे हाड हे एकच. म्हणून खांद्यावर बसलेला मार तेच झेलते आणि बहुधा मधल्या भागात मोडते. पूर्वी पाठीवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पट्टा आवळत. आता साध्या झोळीवरही भागते. टोके फार सरकली किंवा कातडी फाटली, तरच पट्टी-स्क्रूचा विचार. पण बोटे बधिर झाली, हात थंड पडला किंवा श्वास लागला, तर लगेच यायचे. कारण या हाडामागूनच हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील १८५० साली घोड्यावरून पडले, हांसळी मोडली आणि तीन दिवसांत वारले. आतली रक्तवाहिनी फाटली असावी, असे मानतात.

शेवटी डॉक्टर म्हणाले, “गाठ येईल, घाबरू नका.”

मला अम्मी आठवली. मी नऊ वर्षांचा असताना ती विहिरीच्या ओल्या पाळीवर घसरली होती. गावच्या हाडवैद्याने तेल लावून तिचा हात ओढणीने गळ्यात बांधला. तिसऱ्या दिवशी ओढणी सोडून, मांडीवर सूप घेऊन ती बिड्या वळायला बसली. सट्टेदाराला हजाराचा हिशेब द्यायचा होता. आठवड्याभरात पाण्याचा गुंडही तिच्या कमरेवर आला. हाड जुळले, पण गळ्याशी सुपारीएवढी गाठ राहिली. कुणी विचारले तर हसून म्हणायची, “चांदी की हंसली इसके अब्बा से न हुई, अल्लाह ने हड्डी की दे दी।”

त्या गाठीचा दोष मी चाळीस वर्षे हाडवैद्याला देत आलो. वर्गात अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगत आलो. डॉक्टरांनाही सांगितले. ते म्हणाले, “सर, टोके एकमेकांवर चढून जुळली की गाठ राहते. ती माझ्या हातूनही राहील. तुमच्या आईला मिळाला नाही तो आराम.”

मला तो मिळाला. पहिले पंधरा दिवस तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपलो. बोटे, मनगट, कोपर रोज हलवायचे. पुढे कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलकेच झुलवायचा. नमाज खुर्चीवर, सजदा इशाऱ्याने. सदऱ्याची बटणे बायको लावायची, पाणी मुलगा भरायचा, माझे तास सहकारी घ्यायचे. सहा आठवड्यांनी एक्स-रेत हाड जुळताना दिसले. ओझे मात्र तीन महिने उचलायचे नव्हते.

त्या रिकाम्या दिवसांत एकच गोष्ट मनात घोळत राहिली. विहीर आमच्या दारापासून पन्नास पावलांवर होती. नऊ वर्षांच्या पोराला छोटी बादली सहज उचलली असती. घरात अब्बा होते, थोरले भाऊ होते. कुणी उठले नाही. मीही उठलो नाही. अम्मीने सांगितले नाही आणि आम्हाला सुचले नाही.

झोळी सुटल्यावर अम्मी भेटायला आली. ऐंशीच्या घरातली. माझ्या गळ्याशी बोट फिरवून तिने गाठ चाचपली. “दुखता है?”

“आता नाही,” मी म्हणालो. मग विचारले, “तुझी?”

“बारिश में दुखती है,” ती सहज बोलून गेली.

इतक्या पावसाळ्यांत हे मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो.