टॉन्सिलमधला विषाणू, गालातली तंबाखू

हल्ली बायोप्सीचा अहवाल आला की घरातलं कुणीतरी त्यातली एक ओळ मोबाइलवर शोधतं आणि आशेनं माझ्यासमोर येऊन बसतं. ‘पी१६ पॉझिटिव्ह आहे डॉक्टर. म्हणजे एचपीव्हीचा कॅन्सर, म्हणजे बरा होणारा ना?’ पी१६ हे प्रथिन एचपीव्ही या विषाणूची खूण मानलं जातं. पण मी आधी गाठीची जागा बघतो. उत्तर तिच्यावर ठरतं.

टॉन्सिल किंवा जिभेचं मूळ असेल, तर आशा खरी आहे. २०१० साली डॉ. किआन आंग आणि सहकाऱ्यांनी घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन घेतलेल्या या रुग्णांत तीन वर्षांनी एचपीव्ही असलेल्यांपैकी ८२.४ टक्के जिवंत होते, नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. टॉन्सिलच्या खाचांमधलं अस्तर विरळ असतं, एचपीव्ही-१६ तिथे सहज शिरतो. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीचे पी५३ आणि आरबी हे दोन राखणदार निकामी करतात. पण पी५३चं जनुक बहुधा शाबूत राहतं, म्हणून किरणांच्या माऱ्यात अशी पेशी मरते. तंबाखू त्या जनुकातच बिघाड करते. एचपीव्ही असूनही वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्यांचा फायदा याच अभ्यासात घटलेला दिसला.

माझ्या ओपीडीतल्या बहुतेक गाठी मात्र घशात नसतात. त्या गालात असतात, खालच्या हिरडीला लागून, जिथे तंबाखूचा बार धरला जातो नेमक्या तिथे. कुठे खर्रा, कुठे मशेरी, कुठे चुना-तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी जेमतेम दोन बोटं तोंड उघडणारी पोरं येतच राहतात, आणि मला त्याचा संताप येतो.

अशा गाठीत पी१६ पॉझिटिव्ह आलं तरी कारण विषाणूच आहे असं सिद्ध होत नाही. पीसीआरमध्ये त्याचा डीएनए सापडला तर तो तिथे होता एवढंच कळतं. तो कामाला लागला आहे का, हे ई६-ई७चा आरएनए बघितल्याशिवाय समजत नाही. २०१७च्या स्टेजिंगमध्ये पी१६ पॉझिटिव्ह गाठींना वेगळी, खालची स्टेज मिळाली ती फक्त घशात. गालाला आणि जिभेच्या पुढच्या भागाला ती सवलत नाही.

तिथे निकाल ठरतो तो गाठ किती मिलिमीटर खोल गेली, कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का आणि कॅन्सर मानेतल्या गाठींत पोचून त्यांचं आवरण फोडून बाहेर आला का, यावर. टाटा मेमोरिअलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूनं २०१५ साली दाखवून दिलं, की सुरुवातीच्या टप्प्यातच मानेचंही ऑपरेशन केलं तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जगतात. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. पी१६ची ओळ वाचून कुणी हे ऑपरेशन पुढे ढकलू नये. घशातसुद्धा उपचार सौम्य करताना जपावं लागतं. सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब देऊन पाहिलं, तेव्हा दोन मोठ्या चाचण्यांत जास्त माणसं दगावली.

दुसरा प्रश्न नवरा बाहेर गेल्यावर बायको विचारते. विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे तिनं वाचलेलं असतं. मी तिला सांगतो, ‘ताई, हा संसर्ग बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात राहतो, त्यांतल्याही थोड्यांनाच कॅन्सर होतो, तोही दशकांनंतर. तो कधी आणि कुणाकडून आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही.’ या एका संशयापायी माणसं उपचाराच्या काळात एकटी पडलेली मी पाहिली आहेत. तेव्हा त्यांना घरच्यांची सर्वांत जास्त गरज असते.

लसीबद्दल कुणी विचारलं की मला मनापासून बरं वाटतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२२ साली मंजूर झाली. ती ९ ते २६ वयोगटातल्या मुलींना आणि मुलांनाही देता येते. चौदा वर्षांपर्यंत दोन डोस पुरतात. कोस्टा रिकातल्या अभ्यासात एचपीव्हीची दुसरी एक लस घेतलेल्या स्त्रियांच्या तोंडात एचपीव्ही-१६ आणि १८चा संसर्ग ९३ टक्क्यांनी कमी आढळला. खर्र्यापासून मात्र एचपीव्हीची लस वाचवत नाही. म्हणून लसीची चौकशी करायला मुलाला घेऊन आलेल्या वडिलांनाही मी तोंड उघडायला सांगतो आणि दोघांचे गाल आतून बघतो.