वारणेपासून वाघोटनपर्यंत

प्रवासाचें वेड कांहीं लोकांना जन्मतःच असतें, कांहींना तें सेवानिवृत्तीचा काळ दृष्टिपथांत आल्यावर जडतें. आम्ही दुसऱ्या वर्गांतले. ग्रंथालयांत बसून अर्धा हिंदुस्थान पालथा घालणाऱ्या प्राध्यापकाला नकाशावरील नांवें पाठ असतात. पण त्या नांवांमधलें अंतर किती आणि वाटेंत चढ-उतार कोठें, हें चाकांखालून रस्ता गेल्यावांचून उमगत नाहीं. म्हणून नाताळच्या सुटींत सातारा, कोल्हापूर, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी असा बेत ठरला. मोटारीचें सारथ्य धाकट्या कन्येनें पत्करलें, फराळाची व्यवस्था सौभाग्यवतींनीं, आणि इतिहास सांगण्याचें काम, कोणीं न सोंपवितां, आम्हीं!

सातारा सोडल्यावरहि अजिंक्यतारा बराच वेळ पाठराखण करतो. याच साताऱ्यांत १७०८ सालीं शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला, आणि हेंच राज्य १८४८ सालीं डलहौसीनें खालसा केलें. तेथून कोल्हापूर म्हणजे अवघी दोन-अडीच तासांची वाट. मध्यें वारणेचा पूल लागतो. तो आम्हीं अर्ध्या मिनिटांत ओलांडला; पण १७३१ च्या तहानें हीच वारणा दोन राज्यांची सीमा ठरली होती. पलीकडे शाहूंची गादी, अलीकडे संभाजींची. एकाच आजोबांचे हे दोन नातू. आणि ते आजोबा म्हणजे शिवाजी महाराज! आज नदीच्या दोन्ही तीरांवर सारखाच ऊंस डोलतो. दोन राज्यांची खूण कोठेंहि दिसत नाहीं.

कोल्हापुरांत महालक्ष्मीचें दर्शन झालें. १९०२ सालीं आपल्या संस्थानांतील निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवणाऱ्या राजर्षि शाहूंच्या नगरीला प्रणाम करून आम्ही राधानगरीच्या वाटेला लागलों. फोंडा घाट उतरूं लागतांच जग पालटतें. काळा कातळ मागें पडतो, तांबडी माती पुढें येते. हवेंतला कोरडेपणा जाऊन अंगाला खारा ओलावा बिलगतो.

मालवणास होडींत बसून सिंधुदुर्ग गांठला. कुरटे बेटावर १६६४ सालीं महाराजांनीं या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. चोहोंकडे खारा समुद्र, आणि आंत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड पाण्याच्या तीन विहिरी! चुन्यांत उमटलेले महाराजांचे हातापायांचे ठसे पाहतांना कन्येनें टिपणारें यंत्र खिशांत ठेविलें आणि नुसते हात जोडले. घाटमाथ्यावर वाढलेल्या राजाला समुद्राचें महत्त्व कळलें होतें, याची साक्ष तेथला चिरा-चिरा देतो.

तेथून आचरें, मिठबांव, कुणकेश्वर, देवगड असा किनाऱ्याकिनाऱ्यानें प्रवास. हा किनारा मोठा हट्टी आहे. जांभ्या दगडाचा उघडा सडा संपतो न संपतो तोंच उतार लागतो, खाडी आडवी येते, आणि पुलापलीकडे पुन्हा चढ. पूल नव्हते त्या काळीं माणसें तरींतून खाड्या ओलांडीत. अशा मुलखांत जमिनीवर हुकमत चालवावयाची तर पाण्यावर चालविल्यावांचून गत्यंतर नाहीं.

वाघोटनच्या खाडीच्या मुखाशीं विजयदुर्ग उभा आहे. तिहेरी तटबंदी पाहून मन अभिमानानें भरून आलें, आणि आमच्या मुखांतून कान्होजी आंग्र्यांचा पराक्रम ओघानें वाहूं लागला. तेवढ्यांत कन्येनें विचारलें, "पण बाबा, मग हें आरमार बुडविलें कोणीं?"

प्रश्न साधा, उत्तर अवघड. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हता, हें खरें. त्याचा उपद्रव मराठी मुलखालाहि होई, हेंहि खरें. पण त्याचा बंदोबस्त करण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं १७५५ सालीं मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. त्याच वर्षीं सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रांतून विजयदुर्गावर आले, जमिनीकडून पेशव्यांची फौज होतीच. तोफांच्या माऱ्यांत आंग्र्यांच्या आरमाराला आग लागली आणि तें या खाडींत भस्मसात् झालें. इंग्रजांनीं किल्ला लागलाच पेशव्यांच्या हवालीं केला नाहीं. बाणकोट पदरांत पाडून घेतल्यावर मग सोडला. पुढच्याच वर्षीं याच दोघांनीं कलकत्ता परत घेतलें आणि क्लाइव्हनें प्लासी जिंकली.

उत्तरपत्रिकेंत या प्रश्नाचीं पांच कारणें लिहून पांच गुण मिळवितां येतात. त्या बुरुजावर मात्र तीं कारणें आमच्या तोंडून निघेनात. सौभाग्यवती शांतपणें म्हणाल्या, "भावाभावांच्या भांडणांत शेजाऱ्याला पंच नेमलें, कीं घर पंचाचेंच होतें." तीस वर्षें व्याख्यानें देऊनहि इतकें नेमकें वाक्य आम्हांला सुचलें नव्हतें.

त्या वाक्याचा उत्तरार्ध रत्नागिरीस पाहावयास मिळाला. १८८५ सालीं ब्रह्मदेशाच्या थीबा राजाला पदच्युत करून इंग्रजांनीं पुढें त्याला येथें आणून ठेविलें. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठीं वाडा उभा राहिला, आणि १९१६ सालीं तो याच गांवीं वारला. ज्या किनाऱ्यावरून मराठी गलबतें दर्यावर हुकमत गाजवीत, तोच किनारा सव्वाशें वर्षांनीं एका परक्या राजाचा बंदिवास झाला! वाड्यांतून खाडी आणि समुद्र फार सुंदर दिसतो. कैद्यालाहि तो तसाच दिसत असेल काय, कोण जाणे.

किल्ले पाहावयास निघणाऱ्या तरुण मंडळींना आमची एवढीच विनंती आहे. बुरुजावर चढल्यावर तो कोणीं बांधला हें अवश्य विचारा. पण तो पडला कसा, हें विचारल्यावांचून खालीं उतरूं नका.